तंबू घेऊन सातपुड्यात

'नॅशनल पार्क' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? उघडी जिप्सी, मातीचा धुरळा, गळ्यात लांब नळीचे कॅमेरे अडकवलेली माणसं आणि परत आल्यावर प्रत्येकाने विचारलेला एकच प्रश्न, "वाघ दिसला का?" दिसला तर सहल सफल, नाही दिसला तर पैसे वाया. माझ्या नातवाच्या डोळ्यांपुढे मात्र याच शब्दानं काही वेगळंच येतं. पाठीवर सॅक, चिखलानं भरलेले बूट आणि दोन माणसं जेमतेम मावतील असा एक तंबू.

नातू गेली काही वर्षं लाटव्हियात, रिगा शहरात असतो. शिकायला गेला आणि आता तिथंच नोकरीला लागला आहे. २०२३ च्या जुलैमध्ये तो आणि त्याचे मित्र बाल्टिकच्या तिन्ही देशांतली राष्ट्रीय उद्यानं पायी फिरून आले. लाटव्हियातलं गौया, लिथुआनियातलं औक्श्ताइतिया आणि एस्टोनियातलं लाहेमा. ही नावं मला पाठ व्हायला आठवडा लागला. भूगोल शिकवण्यात उभा जन्म गेला, पण बाल्टिक समुद्र म्हणजे नकाशावर बोट ठेवून पुढे सरकायची जागा, एवढाच त्याच्याशी संबंध. आता नातू तिथं राहतो म्हटल्यावर जुना ॲटलास पुन्हा टेबलावर आला.

किती लहान देश आहेत हे! तिघांची मिळून लोकसंख्या साधारण साठ लाख. एकट्या आपल्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत बेचाळीस लाखांवर माणसं मोजली गेली होती. डोंगर तर विचारूच नका. एस्टोनियातला सर्वांत उंच डोंगर ३१८ मीटर, लाटव्हियातला ३१२, आणि लिथुआनियातला तर तीनशेच्याही आत. आपल्या सातपुड्यातलं धूपगड १३५० मीटर आहे. मी नातवाला फोनवर म्हटलं, "अरे, त्याला डोंगर म्हणतात होय? आपल्याकडे त्याला टेकाड म्हणतील." तो हसला आणि म्हणाला, "आजोबा, डोंगर नसेल, पण तिथं मी चार-चार दिवस चाललोय. सातपुड्यात किती चाललोय, सांगा बरं?"

प्रश्न सरळ होता, त्यात टोमणा नव्हता. पण तो माझ्या डोक्यात राहिला.

त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो. लाहेमा हे १९७१ साली स्थापन झालेलं, अख्ख्या सोव्हिएत संघातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्यापाठोपाठ १९७३ मध्ये गौया आणि १९७४ मध्ये औक्श्ताइतिया. म्हणजे हे देश पुन्हा स्वतंत्र व्हायच्या कितीतरी आधी त्यांनी आपली जंगलं राखायला घेतली होती. उद्यान म्हणून तिथली गावं उठवली नाहीत. लाहेमात कोळ्यांची गावं आहेत, जुने वाडे आहेत, शेतं आहेत आणि त्यांच्या मधून जंगल आहे. एस्टोनियात एक जुनी रीत कायद्यानंही मानलेली आहे. कुणालाही रानातून पायी जाण्याचा, रानातली बोरं आणि अळंबी खुडण्याचा हक्क असतो. दुसऱ्याच्या खासगी जमिनीतूनही जाता येतं, मात्र मालकानं कुंपण किंवा पाटी लावलेली नसावी. तंबू मात्र उद्यानात वाटेल तिथं ठोकता येत नाही. त्यासाठी नेमून दिलेल्या जागा आहेत. नातू गेला तेव्हा एस्टोनियाच्या सरकारी वनखात्यानं अशा जागी चूल बांधून ठेवलेली होती, शेजारी झोपडीत रचून ठेवलेली लाकडं होती आणि राहण्याचं भाडं शून्य. राखणदार कुणी नाही. जळणाची लाकडं वापरायची, राख विझवायची, कचरा पाठीवर घेऊन निघायचं.

"आणि कुणी लाकडं पळवत नाही?" आमच्या हिनं विचारलं.

"कुठे पळवणार आजी? घरोघरी जंगलच आहे."

दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट काढलेली असते. फळीवरून पाय घसरला की गुडघ्याएवढं काळं पाणी. उन्हाळ्यात रात्र अशी होतच नाही, अकरा वाजता पुस्तक वाचता येतं. डास मात्र आपल्या हतनूरच्या बॅकवॉटरवरच्या डासांना लाजवतील असे. गोचिडांची इतकी भीती, की जंगलात जाणारी माणसं गोचिडांपासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस टोचून घेतात.

मराठीत बी.ए. केलेल्या माणसाला यातली एक गोष्ट फार आवडली. लिथुआनियन भाषेत आगीला 'उग्निस' म्हणतात, दाताला 'दांतिस' आणि मुलाला 'सूनुस'. अग्नी, दंत, सूनु. हजारो कोसांवर कुणी तंबूपुढे शेकोटी पेटवतं आणि तिला आपल्या नात्यातल्या शब्दानं हाक मारतं. मला ते देश त्या दिवसापासून थोडे जवळचे वाटू लागले.

तर २०२५ च्या मार्चच्या सुरुवातीला नातू तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला, तो सॅकमध्ये तंबू घेऊनच. म्हणाला, "आजोबा, आपलं जंगल दाखवा. जीपमधून नाही, पायी."

इथं मला आधी थोडा नागरिकशास्त्राचा तास घ्यावा लागला, तो तुमच्यासाठीही घेतो. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. ताडोबा त्यातलं पहिलं, १९५५ सालचं, म्हणजे लाहेमापेक्षाही सोळा वर्षांनी मोठं. खान्देशात त्या सहांपैकी एकही नाही. आम्हाला सर्वांत जवळचं म्हणजे मेळघाटातलं गुगामल. पण तो व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, तिथं तंबू घेऊन पायी भटकणं शक्य नाही आणि योग्यही नाही. त्याच्या खालोखाल अभयारण्य. आमच्या जिल्ह्यात यावल अभयारण्य आहे, १९६९ साली जाहीर झालेलं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. अभयारण्यात परवानगी काढून जाता येतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे संवर्धन राखीव क्षेत्र. वन्यजीव कायदा १९७२ चा, पण हा प्रकार त्यात २००२ च्या दुरुस्तीनं आला. दोन राखलेल्या जंगलांना जोडणारे जे पट्टे असतात, त्यांच्यासाठी ही सोय. असं एक क्षेत्र थेट आमच्या तालुक्यात आहे. 'मुक्ताई-भवानी', २०१४ मध्ये जाहीर झालेलं, १२२ चौरस किलोमीटरच्या वर. मुक्ताईनगरहून कुऱ्ह्याकडे गेलं की वढोदा, चारठाणा, डोलारखेडा या गावांच्या आसपासचं हे रान. मेळघाटाकडचा वाघ पश्चिमेला यावलकडे सरकतो तो याच पट्ट्यातून.

गंमत अशी की मुक्ताईनगरातल्या कितीतरी माणसांना आपल्या तालुक्यात वाघ आहे हे पेपरात वाचून कळलं. शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात, शेगावला जातात, फार तर चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम बघायला. हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात येणारे पक्षी बघायला मी पोरांना नेत असे. पण डोंगराच्या बाजूला तोंड करून उभं राहणारी सहल सहसा निघत नाही. उत्तरेला निळी रेघ दिसते, तिला सातपुडा म्हणायचं, आणि परीक्षेत ती नकाशात दाखवायची.

परवानग्यांचं काम नातवानं केलं. अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती, कुठून कुठे जाणार, सोबत कोण. वनखात्याच्या माणसांनी स्पष्ट सांगितलं, चालणं फक्त दिवसा, वाटाड्यासोबत आणि दाखवलेल्या वाटेनंच. शेकोटी अजिबात नाही, कारण फाल्गुनापासून वणव्याचे दिवस. जंगलात तंबू नाही, तो गावात. नातवाला वाटलं होतं मी नाराज होईन. मी म्हटलं, "तुमच्या एस्टोनियात वाघ नाही बाबा."

सामान बांधायची वेळ आली तेव्हा आमच्या हिनं सूत्रं हातात घेतली. ती मुक्ताईच्या पालखीबरोबर दोनदा पंढरपूरला पायी जाऊन आलेली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आषाढीला पंढरीत जाणाऱ्या मानाच्या पालख्यांत फार लांबून येणारी पालखी आमच्या मुक्ताईची. ज्येष्ठात कोथळीच्या जुन्या मंदिरातून निघते आणि पाचशेहून अधिक किलोमीटर चालून, महिन्यानं पंढरपुरात पोचते. नातवाच्या सॅकमध्ये तेरा किलो सामान होतं. हिनं ते पलंगावर ओतलं आणि निम्मं बाजूला काढलं.

"हे काय?"

"हेडलॅम्प, आजी."

"हा राहू दे. आणि हे?"

"उशी. हवेची."

"धोतराची घडी डोक्याखाली घे म्हणावं."

तिनं घातलं ते काय? सुई-दोरा आणि खोबरेल तेलाची बाटली. पायाला फोड आला की तेलात भिजवलेला दोरा सुईनं त्यातून ओवायचा आणि दोरा तसाच ठेवायचा, पाणी हळूहळू निघून जातं, कातडी सोलत नाही. वारीतल्या बायकांचं हे शास्त्र. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि मिठाची पुडी. नातू बघत राहिला. मला त्या वेळी लक्षात आलं, ज्याला हा मुलगा कॅम्पिंग आणि हायकिंग म्हणतो, ते या बाईनं महिना-महिना केलं आहे. रोजचं वीसेक किलोमीटर चालणं, पुढे गेलेल्या ट्रकमधून उतरवलेल्या राहुट्या, पहाटे चारला उठणं, पावसात ओलं अंथरूण. फक्त तिनं त्याला कधी सहल म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही वढोद्याच्या बाजूनं चाललो. सोबत एक वनरक्षक आणि गावातला एक तरुण. इथलं जंगल एकदम सुरू होत नाही. आधी केळीच्या बागा, मग तूर-कापसाची रिकामी झालेली रानं, मग पळस. पळस असा फुलला होता की पान एक दिसत नव्हतं. त्यानंतर साग आणि सालई. पायाखाली सागाची पानं पापडासारखी मोडत होती. वनरक्षक म्हणाले, "या दिवसांत जनावराला आपण आधी ऐकू येतो, आपल्याला जनावर नंतर."

जाळरेषेवरून चालताना त्यांनी ठसा दाखवला. जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. त्या राखेवर माझ्या तळहाताहून मोठा एक ठसा उमटला होता. चार बोटं आणि मागची गादी. नखं नाहीत, कारण चालताना वाघ नखं आत ओढतो. नातवानं फोटो काढला आणि मग बराच वेळ नुसता उकिडवा बसून राहिला.

केळीचं कोडं तिथल्याच तरुणानं उलगडून सांगितलं. केळीच्या बागेत बारमाही पाणी, दाट सावली, आणि उन्हाळ्यात जंगलापेक्षा कितीतरी गारवा. केळीला रानडुकरं येतात आणि डुकरांच्या मागे वाघ. त्यामुळे वाघाला जंगल कुठे संपलं आणि बाग कुठे सुरू झाली हे कळत नाही. शेतकऱ्याला मात्र ते रात्री दोन वाजता, मोटार सुरू करायला जाताना, फार चांगलं कळतं. लाइट रात्रीची असली की पाणीही रात्रीच द्यावं लागतं. "वाघ पायजे का नाही, ते आमाले कोनी इचारत नाही," तो म्हणाला, पण रागानं नाही. मग थोड्या वेळानं म्हणाला, "पन त्याच्यामुळं डुकरं कमी झाली, हे बी खरं."

रात्री आम्ही माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे उतरलो. मळ्यात तंबू ठोकायचा बेत ऐकून त्यानं हात जोडले. "गुरुजी, तुम्हाला मळ्यात झोपवलं तर गाव मला जगू देणार नाही." शेवटी तंबू त्याच्या घराच्या गच्चीवर ठोकला. खुंट्या काँक्रीटमध्ये कशा जाणार? पाण्याच्या कॅनना दोऱ्या बांधल्या. शेवभाजी आणि भाकरी खाऊन आम्ही आजा-नातू गच्चीवरच्या तंबूत झोपलो. खाली अंगणात त्याची पोरं त्यावर खूप हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मुक्ताईनगर, रावेर करत संध्याकाळी पालला पोचलो. पाल हे यावल अभयारण्याला लागून असलेलं गाव. आता मराठीत पाल म्हणजे तंबूही. भटक्या लोकांचं कापडाचं घर. नातवाला हे कळल्यावर तो फार खूश झाला आणि परवानगी घेऊन उतरलो होतो त्या आवारातच त्यानं आपलं पाल ठोकलं. या वेळी खुंट्या मातीत गेल्या.

तिसरा दिवस पूर्ण चालण्याचा. वाटाड्या पन्नाशीचा, पावरा समाजातला. पायात टायरच्या चपला. आम्ही सहाला निघालो ते ऊन चढेपर्यंत चाललो, दुपारी सुकी नदीच्या काठी थांबलो. नदी नावाला जागून होती, डोहात तेवढं पाणी. चार वाजता परतीला लागलो. बारा-तेरा किलोमीटर झाले असतील. माझे गुडघे दर चढाला आपलं म्हणणं मांडत होते, पण हातात काठी होती आणि कुणाला घाई नव्हती. वाटाड्या पुढे जाऊन झाडाखाली बसायचा आणि आम्ही पोचलो की उठायचा. मला दम लागलाय हे त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही.

त्यानं अंजनाची झाडं दाखवली. अंजन आमच्या तापीखोऱ्याच्या कोरड्या डोंगरांतलं झाड, खडकातही मुळं घालणारं. पान दोन पाकळ्यांचं, छोट्या आपट्यासारखं, आणि लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. धावडा दाखवला, टेंभुर्णी दाखवली. मोहाच्या फुलांना नुकतीच सुरुवात झाली होती. झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन स्वच्छ केलेली होती. नातवानं विचारलं, "ही फुलं कोणीही वेचू शकतं?"

"नाही. हे झाड आमच्या काकाचं. ते पलीकडचं दुसऱ्या घराचं."

"पण जंगल तर सरकारचं ना?"

"जंगल सरकारचं," वाटाड्या शांतपणे म्हणाला, "मोह काकाचा."

एस्टोनियातला तो रानातली बोरं खुडण्याचा हक्क आणि हा काकाचा मोह, दोन्ही कागदाच्या कितीतरी आधीपासूनचे असणार. तिथं रीत आणि कायदा एका ओळीत आले. आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यानं बरंच काही मान्य केलं, पण त्याचे दावे अजूनही फायलींतून फिरतात. इंग्रजांनी जंगल राखीव केलं ते सागवानासाठी, रेल्वेच्या स्लीपरसाठी. जंगलाच्या दाराला कुलूप लागलं ते तेव्हा. पुढे वाघासाठी तेच कुलूप कामाला आलं, आणि ते नसतं तर वाघ उरला नसता हेही मी मानतो. पण कुलपाच्या आत राहणारे आणि बाहेर राहणारे यांच्यात जे अंतर पडलं, ते पडलंच.

रानपिंगळ्याची गोष्ट मी तिथं, डोहाच्या काठी सांगितली. हे लहानसं घुबड, सातपुड्याचं खास. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ नंतर ते पुन्हा कुणाला मिळालं नाही. पक्षितज्ज्ञांनी जवळजवळ आशा सोडली. एका इंग्रज संग्राहकानं १९१४ साली मिळाल्याचं सांगितलं होतं, पण ती चोरलेल्या जुन्या नमुन्यावर केलेली लबाडी निघाली. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तिघा अमेरिकनांना ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसलं. तब्बल ११३ वर्षांनी! नंतर ते मेळघाटात सापडलं, यावलच्या या जंगलातही सापडलं. इतर घुबडांसारखं ते फक्त रात्रीचं नाही, दिवसाढवळ्या फांदीवर बसलेलं असतं.

वाटाड्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ते हरवलं होतं?"

"हो, शंभर वर्षं."

"कोणाचं?"

मला उत्तर सुचलं नाही. परतताना त्यानं एका वाळलेल्या सागाची ढोली दाखवली आणि बोट ओठांवर ठेवलं. फांदीवर मुठीएवढं काहीतरी करड्या रंगाचं होतं, शेपूट हलली आणि ते उडालं. तो रानपिंगळाच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, माझी नजर आता तशी राहिलेली नाही. नातू मात्र म्हणतो, होता.

त्या रात्री खाली कुठेतरी ढोल वाजत होते. होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे डोंगरातल्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस. शेकोटी नव्हती, तंबूच्या दाराशी बसून दोघे ऐकत होतो. नातू म्हणाला, "आजोबा, एक सांगू? तिकडच्या कंपनीत मला कायमची नोकरी देतायत. मी हो म्हणायच्या बेतात आहे."

मी म्हटलं, "चांगलं आहे की."

"तिथलं जंगल मला माहीत आहे. कुठली वाट कुठे जाते, कुठे पाणी आहे. इथं मी बावीस वर्षं राहिलो, पण हे..." त्यानं अंधाराकडे हात केला, "हे मला आज कळलं. आधी कळलं असतं तर काय झालं असतं माहीत नाही. कदाचित काहीच नाही."

मी त्याला थांब म्हटलं नाही. माणसं पोटामागे जातात, खान्देशातली तर फार वर्षं जात आली आहेत. पण त्याचं ते वाक्य मला फार खरं वाटलं. एखाद्या मुलखाशी माणसाचं नातं पायांनी जुळतं. मुक्ताईला आम्ही आपली म्हणतो, ती तिचं देऊळ गावात आहे म्हणून तर आहेच, पण दर ज्येष्ठात हजारो पाय तिच्याबरोबर महिनाभर चालतात म्हणूनही आहे. सातपुड्याबरोबर आमच्या गावातलं कुणी चालत नाही. मग तो आमचा कसा होणार? आणि जे आमचं नाही त्याच्या मधून उद्या रस्ता गेला, खाण आली, वाघाची वाट बंद झाली, तर ओरडणार कोण? तो केळीतला तरुण आणि मोहाचे मालक एवढेच?

बाल्टिकची नक्कल इथं करता येणार नाही. तिथं माणूस विरळ आणि जंगल दाट, इथं उलट. इथं वाघ आहे, वणवा आहे, आणि जंगलात राहणाऱ्यांचं पोट त्याच जंगलावर आहे. वाटेल त्यानं तंबू घेऊन घुसावं असं मी म्हणणारच नाही. घुसले तर बाटल्या आणि स्पीकर घेऊन घुसतील, हेही ठाऊक आहे. पण कुलूप आणि जिप्सी यांच्या मध्ये काही असू शकतं. जंगलाच्या कडेनं ठरवून दिलेली एखादी दिवसाची वाट, गावातलाच वाटाड्या आणि त्याच्या हातात रोख मजुरी, वीस मुलांची टोळी आणि कडक शिस्त. संवर्धन राखीव क्षेत्रासाठी कायद्यानं एक व्यवस्थापन समिती सांगितलेली आहे आणि तिच्यात त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. म्हणजे बोलायला जागा आहे. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी मिळून मागितलं तर नाही म्हणायला तसं कारण नाही. शिस्तीचं म्हणाल, तर ज्या लोकांना महिनाभर हजारो माणसं रांगेत चालवता येतात, त्यांना वीस मुलं डोंगराच्या कडेनं चालवणं जड जाऊ नये.

मी हे दोन शाळांत जाऊन बोललो आहे. एका ठिकाणी चहा मिळाला. दुसऱ्या ठिकाणच्या तरुण शिक्षिकेनं वही काढली, वाटेचं नाव, कुणाला अर्ज करायचा, किती वाजता निघायचं, सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "सर, मुलींच्या स्वच्छतागृहाचं काय?" इतका कामाचा प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. वाट प्रत्यक्ष चालायची ठरवलेली माणसंच असे प्रश्न विचारतात.

नातू रिगाला परत गेला. नोकरीला हो म्हणाला. पुढच्या सुट्टीत मेळघाटाच्या बाजूनं, नरनाळ्याकडून जाऊ म्हणतोय. मी म्हटलं, गुडघ्यांना विचारून सांगतो. जाताना वजन जास्त होतंय म्हणून त्यानं तंबू इथंच ठेवला. हिनं तो गच्चीवर उन्हात घातला, झाडला, उलटसुलट करून शिवण तपासली. मग मला म्हणाली, "अहो, याचं वजन दोन किलोसुद्धा नाही. ज्येष्ठात मी हाच घेऊन जाणार."